जपानमध्ये तीन महिने: येन आत्ता घ्यावेत का?

मंडळी, मदत हवी आहे. मुलगी नोकरीनिमित्त नागोयाला असते. मार्चअखेर आम्ही दोघं जवळजवळ तीन महिने तिच्याकडे राहायला जातोय. व्हिसा, तिकिटं झाली. घोडं अडलंय पैशाच्या हिशोबापाशी.

येन आत्ताच घेऊन ठेवावेत की लागतील तसे? 2024च्या जुलैत एका डॉलरला 160च्याही वर येन मोजावे लागत होते. बँक ऑफ जपानने (तिथली मध्यवर्ती बँक) उणे, म्हणजे शून्याखालचा, व्याजदर त्याच वर्षी मार्चमध्ये संपवला होता; व्याज वाढलं की चलन सहसा वधारतं, तरीही येनची ही घसरण! आणि जिथे तीसेक वर्षं लोकांनी भाववाढ फारशी पाहिलीच नाही, तिथे 2025मध्ये तांदूळ वर्षभरात जवळजवळ दुप्पट महागला, सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. आपल्याकडे कांद्याचं होतं तसंच. त्यामुळे लेकीने गेल्या वर्षी सांगितलेले किराणाचे आकडे आता कितपत धरायचे? (मी हे वाचत बसतो आणि बायको म्हणते, आधी बॅगा भर.)

रोख किती न्यावी? छोट्या खानावळींत अजून रोखच लागते म्हणतात. फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून पैसे काढले, तर दर वेळी साधारण किती कापले जातात?

साठीपुढच्यांसाठी एवढ्या मुदतीचा प्रवास विमा कुणी काढलाय का? मला मधुमेह आहे. अशा वेळी दावा मंजूर झाल्याचा अनुभव असेल, तर जरूर लिहा. तूरडाळ, गोडा मसाला नेऊ देतात की विमानतळावरच काढून घेतात?