ठरावधारकानं मत द्यायचं की सगळ्यांनी? (अमेरिकेच्या अध्यक्षावरनं घरात वाद)

करवीरचा सेक्रेटरी

मंडळी, भाचा न्यू जर्सीला असतो. गणपतीला आलेला. जेवताना म्हणाला, "मामा, 2016 ला हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा 28 लाखांवर जास्त मतं पडली, तरी बाई हरल्या. 2000 ला अल गोर यांचं तेच झालं. असं कुठं असतंय का?"

मी म्हटलं, असतंय की. आमच्याकडं दूध संस्थेचे ठराव असतात तसंच हे. तर त्याला ठराव म्हणजे काय तेच माहीत नाही. शहरात वाढलेलं पोरगं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, तेवीस वर्षं. आमचे सभासद एकशे नव्वद, पलीकडच्या वाडीच्या संस्थेचे चाळीस. या संस्था ज्या दूध संघाला जोडलेल्या, त्याच्या निवडणुकीत दोन्ही संस्थांना एकेकच मत. संचालकांच्या सभेत ठराव होतो, अमुक यांना संस्थेच्या वतीनं मतदानाचा अधिकार. प्रोसिडिंगवर सह्या झाल्या की तो ठरावधारक. एका निवडणुकीला तो मी होतो.

ठराव होईपर्यंत मला कोण चहा पाजत नव्हतं. ठराव झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी दुधाच्या टेम्पोमागं पांढरी गाडी येऊन थांबली. बायकोनं धार अर्ध्यावर सोडून विचारलं, "कुठं निघालासा?" मला तरी कुठं माहीत होतं? पाच रात्री कोकणात काढल्या. मोबाईल गाडीतच काढून घेतले. रोज ताटात सुरमई, आणि मला मासा चालत नाही, म्हणून मी सोलकढी-भातावर दिवस काढले. तिथनं थेट मतदान केंद्रावर आणून सोडलं. मत कुणाला दिलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संकलनाला बसलो. आमची एक म्हातारी सभासद आहे, सकाळी दीड लिटर घालते. किटली काट्यावर ठेवत म्हणाली, "माझं मत कुणाला घातलास रं?"

एकशे नव्वदांतल्या एकालाही मी विचारलं नव्हतं. काय बोलणार? फॅट सांगितली, सहा पॉइंट आठ, आणि पुढचं दूध घेतलं.

तर सांगा. अध्यक्ष असा ठरावधारकांनी निवडावा का सगळ्या लोकांनी?

मंगळवार पेठवाला

थेट मतदान. विषय संपला.

वायोमिंग नावाचं राज्य आहे तिकडं. लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या वर, म्हणजे आपल्या महापालिकेएवढीच धरा. त्यांना 3 इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीनं अध्यक्षाला मत देणारे, तिकडचे ठरावधारकच. कॅलिफोर्निया चार कोटींच्या जवळ, त्यांना 54. कारण लहान असो का मोठं, प्रत्येक राज्याला सिनेटच्या (त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह) दोन जागांपोटी दोन इलेक्टर आधीच मिळतात. भागून बघा. वायोमिंगमध्ये 1 लाख 92 हजार माणसांमागं एक, कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांमागं एक. तुमच्या वाडीची चाळीस सभासदांची संस्था ती हीच.

बाकी पाच दिवस कोकण फुकट आणि सोलकढीवर काढलं? अवघड आहे भावा.

शाहूपुरीची बाई (निवृत्त, नागरिकशास्त्र)

सेक्रेटरी, उदाहरण छान आहे, पण एका ठिकाणी लंगडतंय. तुम्ही कुणालाही मत देऊ शकत होता. तिकडचा इलेक्टर बहुतेक नावालाच असतो. 50 पैकी 48 राज्यांत जो जास्त मतं घेतो त्याच्या पदरात राज्याचे सगळे इलेक्टर पडतात. 2016 ला सात जणांनी ठरल्यापेक्षा वेगळं मत दिलं, तर 2020 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की राज्य इलेक्टरला बांधून ठेवू शकतं. तिथं कुणाला कोकणात नेऊन उपयोग नाही. तिथलं दुखणं वेगळं आहे: हरलेल्या बाजूची त्या राज्यातली सगळी मतं वाया. 2000 ला फ्लोरिडात 537 मतांचा फरक होता आणि राज्याचे पंचवीसच्या पंचवीस इलेक्टर बुश यांना गेले.

तुमच्या ठरावाच्या जवळ जाते ती आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक. मत गुप्त, पक्षाला व्हीप काढता येत नाही. फक्त तिथं मताला वजन आहे, तेही 1971 च्या जनगणनेवरून. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175, उत्तर प्रदेशचं 208, सिक्कीमचं 7. आपल्या जिल्ह्याचे दहा आमदार म्हणजे 1,750. वाडीला वाडीएवढंच वजन.

संविधान सभेत के. टी. शहांनी राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा असं सुचवलं होतं. नेहरूंचं म्हणणं, खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना कोट्यवधी लोकांनी एक माणूस निवडायचा आणि त्याच्या हातात काही द्यायचं नाही, हे विचित्र होईल. मला ते पटतं. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र स्वतः कारभार करतो, म्हणून तिथं थेट मत हवं असं मी वर्गातही सांगायची. तिकडच्या प्रतिनिधीगृहानं 1969 मध्ये 338 विरुद्ध 70 मतांनी ते मंजूरही केलं होतं. सिनेटमध्ये अडकलं.

शिरोळची सदस्य

थेट थेट करणाऱ्यांनी आमच्याकडं या एकदा. माझ्या सासरी 2021 ला सरपंच सदस्यांतनं निवडला. अकरापैकी सहा जण आठ दिवस गायब, घरच्यांनासुद्धा पत्ता नाही. माहेरी 2022 च्या डिसेंबरात थेट. सरपंच एका आघाडीचा, बॉडी दुसऱ्या आघाडीची. गटारीचा ठराव आला की बॉडी पाडणार, बॉडीनं काही आणलं की सरपंच सही लांबवणार. काढायचं म्हटलं तर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. आई म्हणते, निवडून आमचा आला पण गटार त्यांच्यासारखीच तुंबली.

तरी मी थेटच म्हणेन. निदान दार वाजवायला तरी येतात. सासरी कोण आलंच नाही.

करवीरचा सेक्रेटरी

बाई, लंगडतंय ते कबूल. भाच्यालाही वाचून दाखवलं, तो 537 वर बराच वेळ गप्प होता.

काल संचालकांच्या सभेत विषय काढला. म्हटलं, यंदा ठराव करायच्या आधी संकलनाच्या टेबलावर डबा ठेवू, एकशे नव्वद चिठ्ठ्या घेऊ. जास्त चिठ्ठ्या ज्याला, त्यालाच ठरावधारकानं मत द्यायचं. दोघं तिघं हो म्हणाले. चेअरमन पान लावत होते. चुना बोटावर तसाच ठेवून म्हणाले, "ते बरोबर आहे. पण मग गाडी कुणाच्या दारात यायची?"

विषय पुढच्या सभेवर गेलाय.