न्हाणीघरातील डार्करूम आणि आपली दमट हवा

सहा बाय चार फुटांच्या न्हाणीघरात डार्करूम (फिल्म धुण्याची आणि फोटो छापण्याची अंधारी खोली) करताना एन्लार्जर (निगेटिव्हवरील प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) आणि रसायनांचे ट्रे कसे बसवावेत, असे आपण विचारले आहे. त्यात रत्नागिरीतील अनुभवावरून थोडी भर घालतो. एन्लार्जर नळापासून दूर, कोरड्या भिंतीशी ठेवावा आणि तिन्ही ट्रे लाकडी मांडणीवर एकाखाली एक रचावेत. प्रतिमा उमटवणारा डेव्हलपर सर्वांत वर, मध्ये त्याची क्रिया थांबवणारा स्टॉप बाथ आणि तळाशी प्रतिमा पक्की करणारा फिक्सर असावा, म्हणजे फिक्सरचा थेंब डेव्हलपरमध्ये पडत नाही. उजेड आत येऊ नये म्हणून कौलांच्या फटी बुजवत बसण्यापेक्षा रात्री काम करणे मला अधिक सोयीचे वाटते.

खरी अडचण तापमानाची आहे. फिल्मचा डेव्हलपर साधारणपणे 20 अंश सेल्सिअसला वापरतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे टाकीचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. म्हणून घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात रसायनाची बाटली उभी करावी आणि थर्मामीटर पाहूनच सुरुवात करावी. पावसाळ्यात एन्लार्जरची लेन्स सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. माझ्या लेन्सवर एका श्रावणात कोळिष्टकासारखी बारीक बुरशी पसरली होती आणि ती पुसूनही पूर्ण गेली नाही.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात कृपया ओतू नये.