हेल ऑन व्हील्स कोणी बघितलीय का? खरं किती, मसाला किती?

होटगीवाला:
सध्या रोज रात्री हेल ऑन व्हील्स बघलालो. अमेरिकेत 1865 नंतर रूळ टाकत पश्चिमेला चाललेली युनियन पॅसिफिक, आणि कामगारांच्या मागं मागं सरकणारं तंबूंचं गाव, दारू चिखल मारामारी सगळं त्यातच. आमचे आजोबा रेल्वेत कीमन, रोज हातोडा घेऊन रूळ बघत चालायचे, त्यामुळं माझं लक्ष हिरो बोहाननच्या बंदुकीपेक्षा स्लीपर आणि खिळ्यांकडंच. दोन सीझन झाले. पुढं बघू का? आणि तो ड्युरंट खरंच होता का बे?

पार्कचौक12:
होता की. थॉमस ड्युरंट, कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट. बोहानन तेवढा काल्पनिक. सरकार मैलामागं रोखे देत होतं, सपाटीला 16,000 डॉलर, डोंगरात 48,000, मग हा बाबा ओमाहाजवळ सरळ लाइन सोडून वळसा घालणार नाहीतर काय. पाचवा सीझन चुकवू नको, सिएरा नेव्हाडातले चिनी कामगार येतात त्यात.

घाटमाथा:
आपल्याकडं पैशाचा खेळ वेगळा. जीआयपी रेल्वे कंपनीला भांडवलावर सरकारची 5 टक्क्यांची गॅरंटी, खर्च कितीका वाढेना लंडनचे शेअरवाले निवांत. आणि मरायला आपली माणसं, बोरघाटात कॉलऱ्यानं किती गेली. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल 1859 ला आला आणि थोड्याच दिवसांत वारला, काम पुढं नेलं त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, हिच्यावर सीरियल काढा की राव! सोलापूरला गाडी आली 1860 ला आणि घाट सुरू झाला 1863 ला, तोवर मुंबईला जाणारा माणूस खंडाळ्याला उतरणार, पालखीत नाहीतर तट्टावर घाट उतरणार, खाली परत गाडी.

शेंगाचटणी:
सीरियलमधल्या त्या स्वीडला विसरले का सगळे? माणूस नॉर्वेचा, नाव पडलंय स्वीड. आमच्या गल्लीत एक तेलुगू काका आहेत, सगळे कन्नड काका म्हणतात, सांगून सांगून दमले बिचारे.

होटगीवाला:
😂 काल आजीला एक एपिसोड दाखवला. म्हणली, ठोकलालेत सगळे, पण ढिलं झालेलं बघत कोण फिरलालंय? काय सांगू तिला. असो, आज तिसरा लावतो, आता कुणी स्पॉयलर टाकू नका, पार्कचौक तू तर अजिबात नको.