विश्रामबाग स्टेशनभोवती उंच इमारती: सांगलीला हव्यात की नकोत?

वखारभागकर

सांगली-मिरजेनं आडवं पसरणं थांबवावं आणि उभं वाढावं, तेही विश्रामबाग स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्याच टापूत, असं माझं ठाम मत आहे. कारणं मांडतो, मग तुम्ही बोला.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली आणि चाळीस मजली टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात भुयारी मेट्रो वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत पोहोचली, ऑक्टोबरात कफ परेडपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. जुन्या वस्तीच्या जागी उंच घरं, आणि खाली उतरलं की जवळच गाडी. केंद्राचं २०१७ चं धोरणही हेच सांगतं: स्टेशनपासून पाचशे ते आठशे मीटरमध्ये घरं, दुकानं, कचेऱ्या दाटीनं वसवा आणि रस्ता आधी चालणाऱ्याला द्या.

आता आपल्याकडे बघा. २००५, २०१९, २०२१: तीन मोठे पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट सगळे पाण्यात. दर पुरानंतर आपण घर धुतो, पंचनामा करून घेतो आणि तिथंच राहतो, कारण जायचं कुठं? शामरावनगरला? तिथं सखल जमिनीवर प्लॉट पडलेत, पाऊस झाला की पाणी हटता हटत नाही. २००१ च्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या) कायद्यानं घरं नियमित होतात, पाण्याचा निचरा होत नाही.

उलट विश्रामबागेचा पट्टा बघा. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेज, विजयनगरला कलेक्टर ऑफिस आणि कोर्ट, पुढं मिरजेचे दवाखाने. सगळं जेमतेम दहा किलोमीटरच्या एका ओळीत, आणि रेल्वे न् रस्ता दोन्ही त्याच ओळीत. संस्थानच्या काळात हे ओळखलं होतं. १९०७ साली मिरजेहून रेल्वे थेट सांगली गावात आणली होती. मोठी (ब्रॉडगेज) लाइन झाल्यावर स्टेशन गावाबाहेर गेलं आणि तेव्हापासून या शहराची वाढ रेल्वेकडं पाठ करून झाली. ती पुन्हा रेल्वेकडं वळवावी, एवढंच माझं म्हणणं.

मिरज मार्केट

वखारभागकर, तुम्ही वरळीचं उदाहरण दिलंत. मी तिथून दोन किलोमीटरवरचं देतो.

आपल्या सातारा-सांगलीकडची हजारो माणसं गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांत राबली. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि गिरण्या मोडीत निघाल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरली: एक भाग शहराला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे लोकांच्या वाट्याला तुकडा आला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो बदल मान्य केला. मग लोअर परळला टॉवर उठले, ऑफिसं आली. रेल्वे तर दीडशे वर्षांपासून होतीच. तुमच्या व्याख्येत सगळं बसतं की नाही? पण स्टेशनचा जिना आणि पूल गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली.

म्हणून मला उंच इमारतीचं चित्र दाखवलं की मी आधी विचारतो, पूल किती रुंद आहे? फलाट किती लांब आहे? विश्रामबागला तर गाड्यांचीच वानवा. एक गाडी चुकली तर दुसरीपर्यंत माणूस वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी) धरून मिरजेला पोचतो. अशा ठिकाणी टॉवर उभे केले तर प्रत्येक घरामागं एक चारचाकी आणि दोन दुचाक्या येणार आणि सांगली-मिरज रस्ता संपणार. गाडी नसताना गाडीच्या नावावर एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येईल ती मर्यादा) वाढवून मागणं हे मला पटत नाही.

वखारभागकर

गाडी म्हणजे फक्त रेल्वे असं मी धरत नाही. त्या रस्त्यावर वडाप भरभरून जातंय, म्हणजे प्रवासी आहेतच. दर दहा मिनिटांला बस, तिला रस्त्यात स्वतःची पट्टी, आणि कोल्हापूर-मिरज-सांगली अशा छोट्या पल्ल्याच्या गाड्या दिवसभर. क्रमही माझा ठरलेला आहे: आधी बस-रेल्वेची वारंवारिता, मग एफएसआय. उलट क्रमानं कुणी करत असेल तर मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

सांगलवाडीचा

तुमचं सगळं खरं हाय, पण आमचं काय ते बी बघा. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी. बोट आली तरी आमचा म्हातारा निघंना, कारण गोठ्यात चार म्हसरं. जनावरं सोडून माणूस जात नाही, हे शहरातल्या माणसाला लवकर कळत नाही. आता सांगा, विश्रामबागेला पंधराव्या मजल्यावर घर दिलं तर म्हसरं कुठं बांधू आणि पहाटे दूध काढाय सांगलवाडीला यायचं कसं? आमची शेती हितं, आमचा ऊस हितं. पूर आला की आठ-दहा दिवस राहाय उंचावर पक्की जागा आणि जनावरांना छावणी द्या. घर न्यायचा इचार आमच्यासाठी करू नका.

साइटवरचा

बांधकामात पंचवीसेक वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगतो. वाद 'टॉवर की बंगला' असा घातला जातोय, तो चुकीचा आहे.

सांगलीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चार मजल्यांना जमिनीत जे करावं लागतं आणि वीस मजल्यांना जे करावं लागतं, त्यात फार मोठा फरक आहे. पाइल, राफ्ट अशा भक्कम पायाचा सगळा खर्च शेवटी चौरस फुटाच्या दरातच येतो. आपल्या नियमावलीत २४ मीटर उंचीपासून इमारत उंच गटात जाते. त्याच्या वर गेलात की आश्रयासाठी मोकळा राखलेला मजल्याचा भाग, आगीच्या वेळची वेगळी लिफ्ट, मोठ्या टाक्या आणि पंप, सगळं आलं. हे नुसतं बसवून भागत नाही. अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. इथल्या किती सोसायट्या ते मनापासून करतील? मी अशा इमारती पाहिल्यात जिथं होज पाइपच्या पेटीत झाडू ठेवलेत. आणि आग लागली तर दहाव्या मजल्याच्या खिडकीशी पोचणारी शिडी इथं वेळेत येईल, या भरवशावर मी तरी माझं कुटुंब ठेवणार नाही.

आणखी एक. उंची वाढली की बाजूला सोडायचं अंतरही वाढतं, त्यामुळं पाच-सात गुंठ्यांवर टॉवर बसत नाही, शेजारचे प्लॉट एकत्र करावे लागतात. भाऊबंदकीत अडकलेले प्लॉट एकत्र करायला किती वर्षं जातात ते मला विचारा. खाली पार्किंग आणि वर सात मजले, २४ मीटरच्या आत, एकमेकांना लागून. स्टेशनभोवती एवढं केलं तरी वस्ती पुरेशी दाट होते आणि इमारत सांभाळणं इथल्या माणसाच्या आवाक्यात राहतं. दाट वस्तीला माझा होकार आहे. उंचीला नाही.

माहेर तासगाव

मी वरळीला बीडीडीत लग्न होऊन गेले. सासऱ्यांच्या आधीच्या पिढीपासून ती खोली. १६० चौरस फुटांत सहा माणसं, मजल्यावर सगळ्यांत मिळून संडास, रात्री सासूबाईंना उठायचं झालं तर मला बरोबर जावं लागायचं. बाळंतपण, आजारपण, मुलांच्या परीक्षा, सगळं त्या एका खोलीत. त्यामुळं इथं 'उंचीला नाही' असं वाचलं की मला थोडा रागच येतो. दाराच्या आत स्वतःचं न्हाणीघर असणं ही काय गोष्ट आहे हे ज्यांच्याकडं ते कायम होतं त्यांना सांगून समजायचं नाही. बाईमाणसाला तर नाहीच.

साइटवरचे दादा, लिफ्टची भीती आम्हालाही होती. आमच्या बायकांनी मीटिंगमध्ये तेच प्रश्न विचारले: लाइट गेली तर किती लिफ्ट चालणार, जनरेटरचं डिझेल कोण भरणार, मेंटेनन्स किती. उत्तरं मिळेपर्यंत आम्ही उठलो नाही. सांगलीकरांनीही तसंच करावं. पण भीती आहे म्हणून घरच नको, असं म्हणू नका.

मेट्रोबद्दल वखारभागकरांचं पटतं. मुंबईत माणूस गाडीचं वेळापत्रक पाठ करत नाही, कारण एक गेली की दुसरी येते. माझी भावजय तासगावहून मिरजेला दवाखान्यात जाते तर तिचा अर्धा दिवस बस बघण्यात जातो.

मिरज मार्केट

ताई, तुम्हाला घर मिळालं याचा आनंदच आहे, तो तुमचा हक्कच होता. पण ते घर फुकट कसं मिळालं हे इथं सांगायला हवं. चाळींच्या उरलेल्या जागेवर जी विक्रीची घरं होणार, त्यांना वरळीत कोट्यवधींचा भाव आहे. त्या पैशातून तुमच्या घरांचा खर्च निघतो. सांगलीत तो भाव नाही. इथं टॉवरचा खर्च मुंबईच्या जवळ जाईल आणि विक्रीचा दर कुठंच पोचणार नाही. मग बिल्डर दत्तनगरच्या माणसाला घर देणार नाही. तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना गुंतवणूक म्हणून फ्लॅट विकणार आणि ते बंद राहणार. पूरग्रस्ताच्या नावानं सुरू झालेली योजना बंद फ्लॅटांवर येऊन थांबेल.

हरिपूर रोड

शेरीनाल्याचं नाव अजून कुणीच काढलं नाही! शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं शेरीनाल्यातून कृष्णेत जातंय. ते उपसून धुळगावला न्यायची योजना झाली, तरी नाल्याचं पाणी नदीत मिसळतंच, आणि आपण नदीचंच पाणी पितो. आहे त्या घरांची घाण आवरत नसताना एका जागी हजारो घरं आणखी वाढवायची? उंची किती हा प्रश्न माझ्यासाठी नंतरचा. सांडपाण्याचं केंद्र आणि नळाची नवी लाइन आधी, बांधकामाची परवानगी त्यानंतर. या एका मुद्द्यावर मी हरकत घेईन.

वखारभागकर

हरिपूर रोड, उलट विचार करून बघा. विखुरलेल्या गुंठेवारीत ड्रेनेज नेणं महाग पडतं, म्हणून ते होतच नाही. एका किलोमीटरच्या आत दाट वस्ती असेल तर तेवढ्याच लाइनीत कितीतरी जास्त घरं जोडली जातात. तुमची अट मला मान्य आहे, ती योजनेच्या पहिल्या पानावर असावी.

साइटवरचे, सात मजल्यांवर माझं भांडण नाही. मला स्टेशनजवळ माणसं हवीत.

सांगलवाडीच्या दादांचं बरोबर आहे, शेतकऱ्याला नदीकाठावरून उठवायचं नाहीच. मी बोलतोय ते गावभागातल्या, दत्तनगरातल्या नोकरदार आणि दुकानदार कुटुंबांबद्दल.

आणि भावाचा मुद्दा, जो सगळ्यात कळीचा. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत ज्यांची घरं आहेत त्यांना जागा सोडण्याच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडं बांधण्याचा, विकता येणारा हक्क) द्या आणि तो फक्त स्टेशनभोवतीच वापरता येईल असं ठरवा. म्हणजे विश्रामबागेत बांधणाऱ्याला आधी दत्तनगरच्या माणसाकडं जावं लागेल. नदीकाठ मोकळा होईल, आणि पैसे नसलेल्या माणसाच्या हातात सौदा करायला काहीतरी येईल.

मिरज मार्केट

टीडीआर जागेच्या मालकाला मिळतो. गावभागातल्या जुन्या वाड्यांत वीस-वीस वर्षं भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत, पुरात भांडीकुंडी त्यांचीच वाहून गेली. मालक टीडीआर विकून पुण्याला जाईल, वाडा पडेल, आणि भाडेकरू शामरावनगरलाच जाईल. गिरणगावातही जमीन ज्याच्या नावावर होती त्यालाच सगळं मिळालं. आधी भाडेकरूंचा सर्व्हे, नावांची यादी वॉर्डात लावलेली, प्रत्येकाला घराचं लेखी पत्र. ते होईपर्यंत माझा विरोध कायम धरा.

माहेर तासगाव

यादीचं मात्र बरोबर बोललात. आमच्याकडं पात्र-अपात्रतेच्या यादीवरच सगळ्यात जास्त भांडणं झाली. भाडेपावत्या, लाइटबिलं, रेशनकार्ड आत्तापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवायला सांगा सगळ्यांना. पुरात कागद गेले तर माणूस तिथं राहत होता हेच सिद्ध होत नाही.