मदत हवी आहे : बालवाचनालयाच्या पाटीसाठी जाड गोलसर फाँट, पण ‘ष्टीं’ बुजतंय

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या जुन्या कार्यालयात मुलांसाठी वाचनालय सुरू करतोय. दारावर सहा फुटी पाटी लावायची आहे. वर मोठ्या अक्षरात ‘गोष्टींची खोली’, खाली लहान ‘बालवाचनालय’. निळं व्हिनाइल (चिकट प्लास्टिक) प्लॉटरवर, म्हणजे पात्याने आकार कापणाऱ्या यंत्रावर कापून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर चिकटवायचं.

मुलांची जागा, म्हणून टोकं गोल असलेलं जाड अक्षर हवं होतं. गूगल फाँट्सवर ‘बालू २’ सापडला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा, खुल्या परवान्याचा, त्यामुळे पाटीवर वापरायला पैसे नाहीत. बाकी लिप्यांतल्या भावंडांची नावंही गोड आहेत : गुजरातीचा भाई, बंगालीचा दा, गुरुमुखीचा पाजी, तमिळचा तंबी. ‘ख’ इतका गुबगुबीत की हात फिरवावासा वाटतो.

सगळ्यात जाड, ८०० वजन (अक्षराचा जाडपणा) घेतलं. खऱ्या मापात कागदावर छापून गेटवर लावलं आणि रस्त्यापलीकडून मुलीला वाचायला सांगितलं. ती म्हणाली, “गोटींची खोली.” जवळ जाऊन पाहिलं तर ‘ष’च्या पोटातल्या तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तांदळाएवढीच फट उरली आहे, आणि अनुस्वार वेलांटीला टेकलाय. अक्षरांतलं अंतर वाढवून पाहिलं, तर शिरोरेघच तुटली.

दुसरी अडचण. पाटीवाल्याने नमुना कापला, तर शिरोरेघ आणि दंड (अक्षराची उभी रेघ) मिळतात तिथे पातं आडवंउभं फिरलं आणि अक्षराचे तुकडे झाले. फाँट बदलू की फाइलमध्ये काही करता येईल? हे अक्षर सोडवत नाही.

प्रतिसाद :

फाँट सोडू नका, वजन उतरवा. ‘बालू २’ला ४०० ते ८०० अशी पाच वजनं आहेत. ६०० घ्या आणि माप थोडं वाढवा. गोलपणा तसाच राहतो, पोटं मोकळी होतात. देवनागरीत अंतर वाढवायच्या भानगडीत पडू नका, शिरोरेघ तुटली की शब्द विस्कटतो.

तुकड्यांचं कारण असं : व्हेरिएबल फाँटात (एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असतात त्यात) एकाच अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले असू शकतात, आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघाही एकमेकींत घुसतात. प्लॉटर प्रत्येक कडा कापतो. इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) मजकुराचे पाथ, म्हणजे नुसते आकार करा, ग्रूप सोडा, मग ‘युनियन’ द्या, म्हणजे आकार जोडून एकच होतात. ‘गोष्टींची’ अख्खा एका तुकड्यात निघेल, टिंब तेवढं सुटं. चिकटवतानाही शिरोरेघ धरून ओळ सरळ राहते. पाटीवाल्याला हे आकार एसव्हीजी फाइलमध्ये द्या, त्याच्याकडे फाँट नसला तरी वेलांटी हलणार नाही.

आणि ‘बालवाचनालय’मध्ये ‘ल’ दोनदा आहे, तो मराठी वळणाचा, पाकळीचाच आहे ना बघा, हिंदी वळणाचा नको. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहे. काही फाँटांत मजकुराची भाषा मराठी केली की ‘ल’ आपोआप बदलतो.

धागाकर्ता :

मनापासून आभार. ६०० वजनात छापून पुन्हा गेटवर लावलं. पलीकडून ‘ष’ची तिरपी रेघ दिसते. अनुस्वार अजून वेलांटीला टेकत होता, तो युनियनच्या आधी हाताने दोन मिलिमीटर वर सरकवला. ‘ल’ तपासून उद्या फाइल देतो.