मदत हवी आहे: डावखुऱ्या भाचीसाठी गिटार

मंडळी, गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६७ च्या मॉन्टेरी कार्यक्रमाची फिल्म भाचीसोबत पाहिली. शेवटी तो गिटार पेटवतो, पण हिची नजर त्याच्या हातांवरच! उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) उलटी धरलेली, तारा क्रम बदलून चढवलेल्या, बटणं वरच्या अंगाला. बाईसाहेब डावखुऱ्या, आता त्यांनाही अस्संच हवंय.

घरात उजव्या हाताची जुनी अकूस्टिक (बिनविजेची) गिटार पडून आहे. तारा उलट्या क्रमाने चढवल्या तर जाड तारा नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बारीक खाचांत बसणार नाहीत, म्हणजे नट बदलावा लागेल, एवढं कळतं. पण ब्रिजवरची (तारांच्या खालच्या टोकाचा आधार) तिरकी पट्टी तशीच ठेवली तर वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर बिघडेल का? की सरळ डावखुरी गिटारच घ्यावी? क्लासवाले म्हणतात, उजव्या हातानेच शिकव. मला पटत नाही. पुण्यात असं काम नीट करणारं कुणी माहीत असल्यास सांगा.