हेस्टिंग्ज पार्कातल्या रेस बंद, नवीन ॲम्फीथिएटरला मोबाइल कंपनीचं नाव, आता त्या जागेचं काय होणार?

पोपटी_छत्री

नमस्कार मंडळी. कॅनडात व्हँकूवरमधले कुणी असाल तर सांगा, कारण माझ्या डोक्यात गोंधळ झालाय. मी हेस्टिंग्ज स्ट्रीटजवळ राहते, नऊ वर्षं झाली. डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली की हेस्टिंग्ज रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या रेस कायमच्या बंद, १८९२ पासून चालू होत्या हो, १३३ वर्षं, आणि लगेच लागू. त्याच पार्कात पीएनईचं (पॅसिफिक नॅशनल एक्झिबिशन, म्हणजे इथली दरवर्षीची जत्रा भरवणारी संस्था) नवीन ॲम्फीथिएटर, म्हणजे कार्यक्रमांचं मोठं प्रेक्षागृह, होतंय त्याचं नाव फ्रीडम मोबाइल आर्च. दोन्ही बातम्या एकाच पार्काच्या, म्हणून मला वाटलं की आता सगळंच विकायला काढलंय का काय.

मला एवढं का लागलंय ते सांगते. माझे बाबा दोन उन्हाळे इथे राहून गेले. इंग्रजी जेमतेम, मॉलमध्ये कंटाळायचे, पार्कात बाकावर बसले तरी बोलायला कुणी नाही. एकदा शनिवारी सहज रेसला घेऊन गेले आणि मग दर शनिवारी तेच. तिकीट नाही, पैसे लावायची सक्ती नाही, कठड्याला टेकून उभं राहायचं, समोर बरार्ड इनलेट या खाडीचं पाणी आणि पलीकडे डोंगर. माझे आजोबा साताऱ्यात टांगा चालवायचे त्यामुळे बाबांना घोड्यातलं कळतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधीच्या कुंपणात, घोडे फिरवायला आणले की ते पाय बघायचे, म्हणायचे हा उजवा पाय जपून टाकतोय बघ, आणि तो घोडा खरंच मागे पडायचा. शेजारी एक चिनी आजोबा उभे असायचे, त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं, पण दोघं खुणांनी तासन्‌तास बोलायचे. जूनमध्ये बाबा परत येतायत आणि परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, घोडे कधी सुरू होणार? मी अजून सांगितलेलं नाही.

तर नाव विकलं आणि रेस बंद केल्या याचा एकमेकांशी संबंध आहे का? आणि तिथले घोडे, तिथली कामाची माणसं, त्यांचं काय?

तबेल्याशेजारी

ताई, संबंध नाही. मैदान महापालिकेचं, जत्रा आणि प्लेलँड हे पाळण्यांचं करमणूक पार्क पीएनई चालवते, आणि रेसकोर्स नि तिथला कॅसिनो ग्रेट कॅनेडियन ही खासगी कंपनी चालवत होती. ॲम्फीथिएटरचं नाव पीएनईने दिलं, रेस बंद केल्या त्या कंपनीने. कॅसिनो बंद केलेला नाही, हे लक्षात घ्या.

माझा रूममेट तिथे पाच सीझन मोतद्दार होता म्हणून हे थोडं जवळून बघितलंय. रेसचं अर्थकारण असं असतं की लोकांनी लावलेले सगळे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, त्यातून ठराविक टक्के कापून घेतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांना वाटतात, आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर टोट असते तसंच. कापलेल्या टक्क्यांतून रेसची बक्षिसं निघायची. पण माणूस आता मोबाइलवर हॉकी, फुटबॉल कशावरही पैसे लावतो, मग घोड्यांचा पूल लहान, पूल लहान म्हणजे बक्षीस लहान, आणि घोड्याच्या मालकाला मात्र ट्रेनरची फी, दाणा, नालबंद, डॉक्टर हे रोजचं आहे, रेस असो नसो. मग मालक घोडे कमी करतो, एका रेसमध्ये पाचसहाच घोडे उभे राहतात, आणि अशा रेसवर पैसे लावायला कुणाला मजा येत नाही. हे चक्र फिरत फिरत इथवर आलं. इतकी वर्षं स्लॉट मशीनच्या उत्पन्नातला एक वाटा रेसला मिळायचा त्यावर गाडी चालली होती, तो प्रांत सरकारने काढून घेतला आणि संपलं.

माणसांचं विचाराल तर मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पहाटे चारला उठून घोडे चालवणारे, पाय पट्ट्यांनी बांधणारे, त्यात मेक्सिकोहून आलेली बरीच मंडळी. मारिओ गुटिएरेझ हा जॉकी २००६ मध्ये मेक्सिकोहून याच छोट्या ट्रॅकवर आला आणि २०१२ ला केंटकी डर्बी ही अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध रेस जिंकला, आणि २०१६ ला परत जिंकला. बॅकस्ट्रेचवर, म्हणजे तबेल्यांच्या बाजूला, हे नाव घेतलं की सगळ्यांचे चेहरे उजळायचे. आता तसा नवीन मुलगा इथे येणार नाही. रूममेट शेजारच्या अल्बर्टा प्रांतात गेला, तिकडे रेस अजून आहेत.

गिरगाव_टू_सरे

नावाबद्दल मी वेगळं बोलतो. मागच्या खेपेला मुंबईत मेट्रो ३ ने फिरलो तर डब्यात घोषणा कोटक बीकेसी, मग आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक. सिद्धिविनायकाच्या आधी विमा कंपनी ऐकून माझी आई डब्यातच म्हणाली, देवाच्या नावाला तरी हात लावू नका. मला तिचं पटतं. सार्वजनिक जागेचं नाव ही लोकांच्या तोंडातली वस्तू आहे, ती भाड्याने द्यायची नसते.

तरी इथे एक फरक आहे. पीएनईचं नाव बदललेलं नाही, प्लेलँडचं नाही, पार्काचंही नाही. जुन्या उघड्या स्टेजच्या जागी दहाएक हजार माणसं बसतील असं नवं बांधलंय, वर लाकडी कमानीचं प्रचंड मोठं छत, त्या एका इमारतीला नाव दिलंय. खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा खूप वाढला, तो कुठून तरी भरून काढायचाच होता. करदात्यांच्या खिशातून गेला असता तर आपणच ओरडलो असतो. मला आवडलं नाही पण समजतं.

शांत_कांदेपोहे

माझं मत कुणाला आवडणार नाही पण रेस बंद झाल्या ते चांगलं झालं. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. दोन वर्षांचं घोडं म्हणजे हाडं अजून पक्की व्हायची असतात आणि त्याला तेव्हाच पळवायला लागतात. पाय मोडला की बहुतेक वेळा मारूनच टाकावं लागतं, कारण घोड्याला तीन पायांवर महिनोन्‌महिने उभं ठेवता येत नाही, दुसऱ्या पायाचे खूर खराब होतात. छत्री ताई, तुमच्या बाबांना जो उजवा पाय दिसला ना, तो तिथल्या डॉक्टरलाही दिसला असेल अशी मला आशा आहे.

घोड्यांचं विचारलंत म्हणून, सगळेच काही दुसऱ्या ट्रॅकवर जाणार नाहीत. न्यू स्ट्राइड नावाची संस्था बीसीमध्ये (ब्रिटिश कोलंबिया, आपला प्रांत) रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांना घरं शोधून देते. मदत करायची असेल तर तिकडे करा, एकदम इतके घोडे मोकळे झाल्यावर ताण येणारच.

तबेल्याशेजारी

पोहे ताई, पायांचं तुम्ही बोललात ते खोटं नाही, मी वाद घालणार नाही. पण माझा रूममेट आजारी घोड्याच्या शेजारी गवतावर झोपलेला मी बघितलाय. ती माणसं जनावरांवर प्रेम करत नव्हती असं कुणी समजू नये एवढंच.

हेस्टिंग्जची_आजी

मी १९७८ पासून इथे आहे, मुलं प्लेलँडच्या लाकडी रोलरकोस्टरवर वाढली, तो १९५८ चा आहे आणि अजून चालतो. तुम्हा मुलांना या जागेची मूळ गोष्ट माहीत असावी म्हणून लिहिते. १८८९ मध्ये प्रांत सरकारने ही १६० एकर जागा शहराला पार्क म्हणून दिली, ट्रस्ट म्हणून, लोकांच्या वापरासाठी आणि विरंगुळ्यासाठी. जत्रा नंतर आली, १९१० मध्ये. पीएनई हे नावही मूळचं नव्हे, आधी व्हँकूवर एक्झिबिशन होतं, १९४६ मध्ये बदललं.

आणि १९४२ मध्ये काय झालं ते तर विसरूच नका. जपानी वंशाच्या सुमारे ८,००० कॅनेडियन लोकांना घरांतून काढून याच मैदानात आणून ठेवलं होतं, बायका आणि लहान मुलांना गुरांच्या गोठ्यात. ती लाइव्हस्टॉक बिल्डिंग अजून उभी आहे. माझी एक शेजारीण तेव्हा सहा वर्षांची होती, जत्रेत सगळे जायचे पण ती त्या इमारतीच्या बाजूने कधीच गेली नाही. पार्कात मोमिजी ही जपानी बाग आहे, तिकडे मात्र जायची.

म्हणून मला पाटीवर कुणाचं नाव लागलं याची चिंता कमी आहे. चिंता आहे ती रेसकोर्सच्या जागेची. तिथे व्हाइटकॅप्स या फुटबॉल क्लबचं स्टेडियम करायचं म्हणून महापालिका त्यांच्याशी बोलणी करतेय. स्टेडियम झालं तर तिकीट आलं, कुंपण आलं. छत्री, तुझ्या बाबांना फुकट कठड्याला टेकून उभं राहता येत होतं, ते त्या ट्रस्टमध्ये लिहिलंय तसंच होतं. सिटी कौन्सिलमध्ये सुनावणी असेल तेव्हा नाव नोंदवून बोलायला ये. मी दोनदा बोलले आहे, थोडी मिनिटं देतात, ऐकून घेतात. बाबा तेव्हा इथे असतील तर त्यांनाही आण, मराठीत बोलू दे, मी इंग्रजीत सांगेन.

पोपटी_छत्री

आजी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, सुनावणीला मी येणार, बाबांनाही आणणार. गोठ्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि मी त्याच इमारतीसमोर उभी राहून मक्याची कणसं खाल्ली आहेत.

काल बाबांना सांगितलं शेवटी. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले ते चिनी आजोबा आता शनिवारी कुठे जातील? मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं नावही आम्हाला माहीत नाही, राखाडी टोपी घालायचे, उजव्या हाताला काठी. कुणाला दिसले तर कृपया इथे लिहा. आणि पोहे ताई, न्यू स्ट्राइडचे घोडे बघायला जाता येतं का हो? बाबांना एकदा तरी घोड्याच्या मानेवरून हात फिरवायला मिळाला पाहिजे.